बगोटीची नदी आटली तेव्हा

तीन दिवस धो धो पाऊस कोसळत होता आणि बगोटीची नदी मात्र गुडघ्याएवढी उरली होती. वर कुठेतरी पाणी अडलं होतं. कुठे आणि किती, ते बघायला आम्ही तिघं उजाडताच निघालो: मेंढपाळ हयातदा, बाजारात हॉटेल चालवणारा खिमानंद आणि शाळेतली मास्तरीण, म्हणजे मी, जसुली.

खिंडीतली पायवाट दरडीने पुसून टाकली होती. हयातदाने आम्हाला एका दोरात बांधलं. मधोमध खिमानंदचा पाय निसटला! दोर माझ्या कंबरेत रुतला. दगड गडगडत खोल गेले. मातीत नखं रोवून तो कसाबसा वर आला. सकाळपासून चाललेली त्याची थट्टामस्करी त्यानंतर बंद पडली.

दुपारी कडा गाठला. परवापर्यंत जिथे जंगल होतं तिथे तळं होतं! देवदारांचे नुसते शेंडे वर दिसत होते. दरडीचा बांध भुसभुशीत मातीचा, आणि पाणी काठापासून जेमतेम हातभर खाली.

पलीकडच्या उंचवट्यावर हयातदाची मेंढरं अडकली होती. धन्याला ओळखून ती ओरडू लागली. तो बराच वेळ बघत राहिला.

"भुली, गावाचं नाव बाघावरून, म्हणजे वाघावरून पडलं असं तू पोरांना शिकवतेस ना?" तो म्हणाला. मला तो भुली, म्हणजे धाकटी बहीण, म्हणायचा. "माझी आजी सांगायची, आपल्या जुन्या बोलीत बगणं म्हणजे वाहून जाणं. पहिलं गाव वाहून गेलं, उरलेल्यांनी वसवली ती बगोटी."

"मग इतकी वर्षं गप्प का बसलास?"

"'वाघाचं गाव' अशी पाटी बघून प्रवासी थांबतात, त्यावर खिमानंदचं हॉटेल चालतं."

हयातदाने मेंढरांकडे पाठ फिरवली आणि उतरू लागला.

आम्ही धावलो. पडलो, उठलो, धावलो. देवळाची घंटा बडवली. लोक लेकरं, गुरं घेऊन शाळेच्या टेकडीवर चढले. खिमानंदचे वडील तेवढे हटून बसले. हॉटेलचा एकेक दगड त्यांनी स्वतः वाहून आणला होता. शेवटी खिमानंदने त्यांना पाठुंगळी घेतलं. सगळी चढण वडील त्याच्या खांद्यावर बुक्क्या मारत होते, शिव्या घालत होते.

दिवस कलताना वरून गडगडाट आला. काळं पाणी उभी झाडं घेऊन उतरलं. पूल, बाजार, हॉटेल... सगळं एका दमात गेलं. माणूस एकही गेला नाही.

अजून पाठुंगळी असलेल्या वडिलांची मूठ खिमानंदच्या खांद्यावर उघडली.

"उतरव मला," ते म्हणाले. "दमला असशील."