बेचाळिसावा दगड

पुतण्या आला तो मोठा जॅक न्यायला. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. काका अंगणात खुर्ची टाकून गुडघा चोळत बसले होते. पुतण्याबरोबर त्याची बहीणही आली होती, उगाच, हवा खायला.

"उद्या सकाळी गाडीची टाकी उतरवतोय," पुतण्या म्हणाला. "गळते का बघायचं. टाकी गळत नसली, तर गळती कुठे आहे ते मला ठाऊकच आहे."

त्याची एक जुनी डिझेल जीप होती. आधीच्या मालकाने ती उंच करून, मोठी चाकं घालून विकली होती. पुतण्या ड्रायव्हर ठेवून तिच्यातून हौशी लोकांना डोंगरावर फिरवायचा. लिटरला आठ मिळतील म्हणून घेतलेली गाडी साडेसहाच्या वर जायला तयार नव्हती.

"काय काय बघितलंस?" काकांनी विचारलं. चाळीस वर्षं त्यांनी गाड्याच दुरुस्त केल्या होत्या.

"सगळं. हवेचा फिल्टर बदलला. नोझल तपासून आणले. ब्रेक चिकटतात का बघायला चाकांना हात लावून लावून हात भाजून घेतला. हवा नीट आहे. आता एकच पार्ट राहिला. ड्रायव्हर."

"चोरतो?"

"नाहीतर डिझेल काय भूत पितं? उद्या आठ वाजता स्टँडवर सगळे ड्रायव्हर जमले की सगळ्यांदेखत त्याच्याकडे चावी मागतो."

"सगळ्यांदेखत?"

"मग काय कोपऱ्यात नेऊन कानात सांगू? बाकीच्यांनाही कळायला हवं."

काका गुडघा चोळायचे थांबले.

पुतणी मोबाइलचा उजेड पाडत मागच्या खोलीत जॅक शोधत होती. तिथून तिने आवाज दिला, "काका, हे काय? घड्याळ?"

"मीटर आहे गाडीचं. ठेव ते."

"एकसष्ट हजार तीनशे बेचाळीस," तिने वाचलं. "चालतं?"

"केबलच नाही त्याला. कशाने चालेल? ठेव म्हटलं ना!"

पण ती कसली ऐकते. जॅक राहिला खोलीत आणि बाईसाहेब मीटर घेऊन पायरीवर येऊन बसल्या. मांडीवर ठेवून त्याची काच ओढणीने पुसायला लागल्या.

काकू दारात येऊन उभी राहिली होती. "सांगा की आता," ती नवऱ्याला म्हणाली. "त्या ड्रायव्हर पोराचं उद्या सकाळी काय होणार ते ऐकलंत ना?"

काकांनी पुतणीच्या मांडीवरच्या मीटरकडे बघितलं. मग म्हणाले, "माझ्या ओळखीचा एक मिस्त्री होता."

"ओळखीचा!" काकू म्हणाली आणि आत निघून गेली. आतून भांडी जरा जास्तच जोरात वाजायला लागली.

त्या मिस्त्रीचा गाड्या उंच करण्यात हात धरणारा कोणी नव्हता. निदान तो स्वतः तसं सांगत फिरायचा. एका खाणमालकाने त्याला आपली जीप दिली. खाणीपाशी रस्ता असा की साध्या गाडीचं पोट दगडांवर घासायचं. मिस्त्रीने नव्या स्प्रिंगा घातल्या, अठ्ठावीस इंची चाकं काढून तेहतीस इंची चढवली. गाडी अशी रुबाबात उभी राहिली की त्याने तिच्यापुढे छाती काढून फोटो काढून घेतला. मालकाच्या आणखी चार जीपगाड्या त्याच्याकडे यायच्या होत्या.

त्या जीपवर एक म्हातारा ड्रायव्हर होता. गावातल्या पंपापासून खाणीपर्यंत बरोबर पन्नास किलोमीटर. रस्त्याच्या कडेला दर किलोमीटरला आकडा घातलेला दगड. दगड आला की म्हातारा बोटातली लोखंडी अंगठी दारावर आपटायचा. टक. जाताना पन्नास टक, येताना पन्नास टक. झोप येऊ नये म्हणून, असं तो सांगायचा. सगळे त्याला मोजणीमामा म्हणायचे.

गाडी उंच झाली तशी मामांची पंचाईत झाली. "मिस्त्री, गाडी उंच केलीत, आता माझे गुडघेही उंच करून द्या," ते म्हणायचे. दर वेळी चढताना एक हात दाराला, एक पाय वर, आणि तोंडातून मोठा आवाज. हुश्श.

महिन्याभरात बोंब उठली. गाडी आधी लिटरला दहा द्यायची, आता सात. मालक मामांकडे बघत म्हणाला, "तीन किलोमीटर गेले कुठे?"

मिस्त्रीने गाडी पालथी घातली. जे जे तू बघितलंस ते सगळं त्यानेही बघितलं. मोठ्या चाकांनी, उंच अंगाला वारा लागून थोडं डिझेल जास्त जाणार, हे त्याला कळत होतं. पण इतकं? शेवटी त्याने टाकी तोंडापर्यंत भरली, मामांना डावीकडे बसवलं आणि स्वतः गाडी हाकत खाणीवर गेला. मामा त्याही दाराला टकटक करत होते.

शेवटचा दगड आला. "पन्नास," मामा म्हणाले.

मिस्त्रीने मीटर बघितलं. "बेचाळीस."

मामा हसले. "मिस्त्री, तुमचं मीटर शाळा बुडवून आलंय."

मिस्त्रीने खिडकीतून मान काढून चाकाकडे बघितलं.

चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते. मीटर बिचारं नुसते फेरे मोजतं. म्हणून चाकं बदलली की मीटरच्या केबलच्या टोकाचं एक बारकं दातेरी चाकही बदलावं लागतं. बोटाच्या पेराएवढं. फोटो काढायच्या घाईत तो ते बदलायला विसरला होता. गाडी पन्नास चालत होती आणि मीटर बेचाळीस दाखवत होतं. आठ किलोमीटर मीटर खात होतं आणि बोट मामांकडे होतं.

खाणीवर पाळी सुटायची वेळ. तीसेक माणसं उभी. मालक म्हणाला, "काय मिस्त्री? दोष आहे का गाडीत?"

एवढंच बोलायचं होतं, माझी चूक झाली. तीन शब्द. पण त्या तीस माणसांत त्याने आपल्या हुशारीची बढाई मारलेली होती, आणि त्या चार गाड्या... तो म्हणाला, "गाडीत काही दोष नाही."

मामांनी त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. हा पुढे काहीतरी बोलेल, म्हणून थांबल्यासारखे बघत राहिले.

मालकाने मामांचा पाण्याचा कॅन उघडायला लावला. एकाने नाक घालून हुंगला. मग दुसऱ्याने. कोणीतरी हसलं.

"मिस्त्री..." मामा म्हणाले. एवढंच.

मिस्त्री खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेलीच नव्हती.

मामांनी गाडीतली चावी काढली, टाचा उंच करून बॉनेटवर ठेवली आणि ते चालायला लागले. गाडी त्यांना कोणी दिली नाही. सकाळी दूधवाल्याला ते रस्त्याच्या कडेला दगडाला टेकून बसलेले दिसले. डॉक्टर म्हणाला, हृदय. रात्रीच गेले असावेत. दगड होता बेचाळिसावा.

पुतणीची ओढणी थांबली. "म्हणजे पन्नासपासून... आठच किलोमीटर चालले."

"आठ," काका म्हणाले.

आतली भांडी शांत होती.

तेव्हा तरी मिस्त्रीने तोंड उघडायचं. नाही उघडलं. माणूस गेला, आता सांगून काय, असं तो स्वतःला समजावत राहिला. मामांच्या बायकोच्या दारावरून जायला नको म्हणून लांबच्या गल्लीने जायला लागला. जीपवर नवा ड्रायव्हर आला. त्याचेही सातच. मालक म्हणाला, "हाही चोरच?" तेव्हा मिस्त्री घाईघाईने म्हणाला, "एक दिवस गाडी द्या."

शटर ओढून घेऊन, एकट्याने, त्याने ते बारकं चाक बदललं. जुनं गटारात टाकलं.

नोव्हेंबरची नऊ तारीख होती. मंगळवार. पहाटे खाणीवर गाडी हवी होती, म्हणून तो रात्रीच पोचवायला निघाला. पंपावरून सुटला तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं. मीटर एकसष्ट हजार तीनशे. गाडी नवी नवरी असल्यासारखी चालत होती. दहाव्या दगडाला मीटर तीनशे दहा. विसाव्याला तीनशे वीस. तंतोतंत. मिस्त्री शीळ घालायला लागला. सुटलो, असं त्याला वाटलं.

तीस. चाळीस.

एक्केचाळीसनंतर शीळ आपोआप बंद पडली. त्याने ठरवलं, बेचाळिसाव्या दगडाकडे बघायचं नाही. सरळ समोर बघायचं. पाय दाबायचा आणि जायचं.

दगड आला.

गाडी जड झाली.

नव्या स्प्रिंगा. दहा पोती टाकली तरी न कुरकुरणाऱ्या. डावीकडची स्प्रिंग करकरली. गाडी त्या अंगाला कलली. चालत्या गाडीत, बंद दाराच्या आत, त्याच्या कानाजवळ...

हुश्श.

मिस्त्रीने डावीकडे बघितलं नाही. मान वळेना. स्टेअरिंगला हात चिकटले. वास आला. डिझेलचा नाही. घामाचा. खूप चाललेल्या माणसाचा.

त्रेचाळीस.

टक.

दारावर. आतून.

चव्वेचाळीस. टक.

"मामा..." तो म्हणाला. पुढे शब्द येईनात. गाडीत दुसरं कोणी नव्हतं. हुंगणारं नव्हतं. हसणारं नव्हतं. तरी येईनात.

पंचेचाळीस. टक. शेहेचाळीस. टक.

शेजारी कोणी रागावलेलं नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं. शेजारी कोणीतरी... थांबलेलं होतं. तसंच. बोलेल म्हणून.

अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास.

पन्नास.

टक.

गाडी थांबली. इंजिन बंद. पुढे काहीच नाही. तो समोर बघत बसला. किती वेळ, कोण जाणे. त्याला एवढंच बोलायचं होतं...

तो खाली वाकला. अंधारात. बुटाच्या नाडीला हात घातला.

स्प्रिंग हळूच वर आली. दार उघडल्याचा आवाज झाला नाही.

खाणीच्या फाटकाच्या दिव्यात त्याने मीटर बघितलं. एकसष्ट हजार तीनशे बेचाळीस. सकाळी सगळं उघडून बघितलं. दातेरी चाक नवं कोरं. केबल धड. मीटर बेचाळिसाव्या दगडाला थांबलं होतं, आणि पुढचे आठ त्याने मोजलेच नव्हते.

"मालकाला काय सांगितलं त्याने?" पुतण्याने विचारलं.

"मीटर जुनं झालं होतं, म्हणाला. नवं बसवून दिलं. ॲव्हरेज सुधारलं. मिस्त्रीची वाहवा झाली. उरलेल्या चार गाड्याही मिळाल्या."

"आणि मामांचं नाव?"

"मामांचं नाव चोर म्हणूनच राहिलं."

मग पुतणीने हळूच विचारलं, "काका, तो मिस्त्री आता कुठे असतो?"

काकांनी पायाकडे बघितलं. पायांत सपाता होत्या. बांधायला काही नव्हतं.

"काय विचारतेय ती?" काकू परत दारात आली होती. "मला सांगायला नऊ वर्षं लागली. तेही लाइट बंद करून. आता उजेडात सांगा."

"मीच तो," काका म्हणाले. ते खुर्चीतून उठले आणि मोठ्याने, शेजारच्या अंगणातही ऐकू जाईल असं म्हणाले, "मामांनी थेंबभर डिझेल चोरलं नव्हतं. चूक माझी होती. मला तिथेच कळली होती. मी खाली वाकलो."

पुतण्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "आमच्या गाडीलाही तेहतीस इंची चाकं आहेत."

"आणि मीटर?"

"...जुनंच असेल."

"मग उद्या फोनवर नकाशा लाव आणि पन्नास किलोमीटर जाऊन ये. ड्रायव्हरला शेजारी बसव. नकाशा किती दाखवतो आणि मीटर किती, ते बघ. आकडा चुकला, तर चारचौघांत सांग की मी तुला चोर समजत होतो. चारचौघांतच, समजलं? कोपऱ्यात नेऊन नाही."

"हो काका."

"जॅक नको ना मग?" काकू म्हणाली. "जा आता. आणि ते मीटर द्या इकडे."

पुतणी उठली नाही.

"दादा," ती म्हणाली, "मघाशी मी काय वाचलं होतं?"

"तीनशे बेचाळीस. का?"

मीटर तिच्या मांडीवरच होतं, मघापासून. काकूने ते तिच्या हातातून घेतलं, दिव्याखाली नेलं आणि डोळ्यांपासून लांब धरून एकेक आकडा वाचला.

"एकसष्ट हजार... तीनशे... पन्नास."

काकांनी मीटर हातात घेऊन उलटं केलं. मागे केबल अडकवायच्या भोकावर कोळ्याचं जुनं, धुळीने पांढरं झालेलं जाळं होतं. एक धागाही तुटला नव्हता.