तिसरी फिल्म

“चाव्या टेबलावर ठेवा आणि घरी जा!” मामा कडाडले.

मामा संग्रहालयाचे प्रमुख होते. राखणदार काकूंनी चाव्या ठेवल्या. सुट्टीत मामाकडे आलेले दादा, चष्मिस आणि धाकटी टिकली दारातच थबकले.

उजेडाने विटणाऱ्या जुन्या रेशमी कापडाच्या पेटीला एकाच दिशेचा उजेड पार सोडणाऱ्या दोन खास फिल्म लावलेल्या होत्या. बटण फिरवलं की वरची फिल्म फिरून कापड दिसायचं, परत फिरवलं की काच काळीभोर! आज सकाळी मात्र काच उजळलेली सापडली होती.

“काकूंनीच बटण फिरवून ठेवलं!” मामा म्हणाले.

“पण मामा, बटण तर मूळ जागेवरच आहे!” चष्मिस ओरडला. मामांनी ऐकलंच नाही. ते तरातरा ऑफिसात गेले.

“चला, दुरुस्तीच्या खोलीत!” दादा म्हणाला.

तिथे उरलेल्या फिल्मचे तुकडे होते. दादाने एकावर एक दोन धरले आणि वरचा आडवा फिरवला. काळोख!

टिकलीने तिसरा तुकडा दोघांच्या मध्ये तिरका सरकवला. पलीकडचा दिवा पुन्हा दिसू लागला!

“अगं, अडवणारे तीन झाले, तर उजेड वाढला कसा?” दादाने विचारलं.

“काल पेटी पुसायला उघडली होती, तेव्हा मीच मध्ये तिसरी घाईत तिरकी सरकवली,” टिकली रडू लागली. “दोनांनी एवढा काळोख, तर तिनांनी आणखी होईल असं वाटलं. कापड जपायचं होतं रे! सकाळी शंका आली, तरी मी गप्प बसले. काकूंची नोकरी जातेय!”

“मग धाव ना, वेडाबाई!” दादा म्हणाला.

फाटकाशी काकू पिशवी घेऊन निघाल्याच होत्या. टिकलीने त्यांचा हात घट्ट धरला आणि त्यांना ओढतच मामांसमोर आणलं. सगळं सांगितलं. तुकडेही दाखवले.

मामा खुर्चीत बसले. “प्रकाशाचा कण फिल्ममधून पार होतो किंवा अडतो. पार झाला, तर त्या फिल्मची दिशा घेऊनच बाहेर पडतो, आधीची विसरतो. म्हणून तिरकीतून आलेल्यातले काही शेवटच्या फिल्ममधूनही निसटतात. कोणते, ते कुणालाच आधी सांगता येत नाही. हे मला ठाऊक होतं, तरी पेटी उघडून पाहिली नाही. काकू, माझं चुकलं. पोरांनो, शाब्बास!”

टिकलीची मान वर होईना.

काकूंनी चाव्या उचलल्या. “आता माझ्या पेटीचं काहीही असलं तर आधी मला विचारायचं. कळलं?”

“हो, काकू.”

“तुला नाही गं, तू आजच शिकलीस. साहेबांना विचारतेय!”

मामांनी मान डोलावली.