डोळे बांधून शिराझ

विषय : शिराझ या एकाच वाणाच्या तांबड्या वाइनच्या चव-परीक्षेच्या जेवणात घडलेल्या प्रकाराबाबत.
संदर्भ : प्रस्तुत सेवानिवृत्त लिपिक फुकट जेवणासाठी स्वतः हजर होता.

दुष्काळाचं साल. लातूरला पाणी रेल्वेने येत होतं, आणि निलंग्याकडे शिवमूर्तीची दारूच्या द्राक्षांची बाग मात्र हिरवीगार होती. ती द्राक्षं घ्यायची की नाही, हे नाशिकचा खरेदीदार त्या संध्याकाळी ठरवणार होता. बाटल्या निरनिराळ्या गावच्या, त्यात एक शिवमूर्तीच्या द्राक्षांची. कोणती कुठली हे न कळता चाखायचं, इंग्रजीत ‘ब्लाइंड’. शिवमूर्तीने ‘ब्लाइंड’चा सरळ अर्थ लावला आणि आमच्याच डोळ्यांवर उपरणी बांधली.

“अहो, फडकं बाटलीला गुंडाळायचं असतं,” नाशिकचा साहेब म्हणाला.

“बाटलीला कुठं डोळे हायत, साहेब?” शिवमूर्तीचा मेहुणा मलप्पा म्हणाला. बागेत त्याची भागी होती.

शिवमूर्ती स्वतः पीत नव्हता. गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याआड सारून तो ओतत होता. टेबलावर वाइन मुबलक, पाण्याचा तांब्या एकच.

अंधारात मिरीसारखा वास येत होता. मग हळूहळू दुसरा आला... विहिरीच्या तळच्या गाळाचा. माझ्या डावीकडची रिकामी खुर्ची करकरली.

“ही घेतो मी,” साहेब घोट गिळून म्हणाला. “कुठली ही?”

“आमची हाय...” डावीकडून बाईचा घोगरा आवाज आला. “टँकरच्या पान्याची.”

“वहिनी का?” साहेबाने विचारलं.

मग मलप्पा पुटपुटला, “नीलम्मा... अक्का...”

“लई कोरड पडलीया वो... तेवढा तांब्या द्या की.”

नीलम्मा शिवमूर्तीची बायको. आदल्या उन्हाळ्यात त्याने गावाचा टँकर रातोरात बागेत रिता केला. ती प्यायच्या पाण्यासाठी विहिरीत उतरली आणि वरून दरड कोसळली. प्रेत निघालं नाही. खोदायचं मशीन बागेतल्या विहिरीपर्यंत न्यायचं तर वेली उपटाव्या लागल्या असत्या.

मी उपरणं ओढलं. रिकाम्या खुर्चीसमोर शिवमूर्ती तांब्या वाकडा धरून उभा होता. पाण्याची धार चालू होती. खाली फरशी कोरडी ठणठणीत होती.

साहेबाने माल घेतला. चव दुर्मीळ आहे, म्हणाला.

मलप्पाने भागी सोडली आणि विहीर उपसून बहिणीला बाहेर काढण्याचा अर्ज तहसिलीत दिला. मसुदा माझाच. नवा जिल्हा होणार आहे, झाल्यावर प्रकरण तिकडे वर्ग होईल, असं तोंडी उत्तर मिळालं. नवा जिल्हा अद्याप झालेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.