खुर्चीच्या हातांवरचा रंग

हिंजवडीतल्या कंपनीने दिगंबरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, घरी पाठवलं तेव्हापासून तो दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मी बोलून बोलून थकले. शेवटी मागची खोली रिकामी करून त्याला ऑफिस थाटून द्यायचं ठरवलं. ऊठ म्हणून उठत नाही, तर बस म्हणून तरी बघावं.

टेबल घरात होतं. खुर्ची जुन्या बाजारातून उचलली: कुठल्याशा कचेरीतली, लोखंडी, रुंद सपाट हातांची. दिगंबर अंगापिंडाने दांडगा, त्याला तकलादू खुर्ची पुरत नाही. त्याचे पंजे तर विचारूच नका. अंगठी मुद्दाम मापाने करून घ्यावी लागली होती. वास्तुशांतीला दाराशेजारी हळदीचे थापे उमटवताना या वेंधळ्याने डावा हात लावला आणि गुरुजींची बोलणी खाल्ली. त्याच्या थाप्याशेजारी माझा थापा लहान मुलीचा वाटतो.

येरवड्याच्या मकबूलभाईंनी खुर्ची पत्र्यापर्यंत घासली, तांबडा प्रायमर दिला, वर करडा रंग फवारला. मी आणायला गेले तर ते चेहरा पाडून उभे.

"ताई, बाकी सगळी वाळली. हातांवर मात्र ओलीच आहे."

दोन्ही हातांवर पंजे उमटले होते. अरुंद, लांब बोटांचे. डाव्या पंजाला करंगळी नव्हती.

"टेकलं असेल कुणीतरी," मी म्हणाले.

"दुकानात सगळ्यांना करंगळ्या आहेत, ताई."

त्यांनी पुन्हा घासून रंग दिला. आधी थिनरला दोष दिला, मग दमट हवेला. पंजे तिथेच उमटले. शेवटी म्हणाले, "ही माझ्याकडे नको." मला हसू आलं. रंग वाळत नाही म्हणून चांगली खुर्ची कुणी टाकून देतं का? हातांवर दोन जुने नॅपकिन टाकले आणि घरी आणली.

दिगंबर बसला. त्याच दिवशी बसला! स्वयंपाकघरात कीबोर्डची टकटक ऐकू आली आणि खरं सांगते, कणीक मळता मळता मला रडू फुटलं. नॅपकिन त्याने काढून टाकले होते. संध्याकाळी तळहात करडे झालेले. रॉकेलनेही डाग निघेनात. मी चिडचिड केली, पण मनातून खूश होते. त्याला कामं मिळायला लागली. तो जेवायला उठेना, तेव्हा मी ताट आत नेऊन देऊ लागले.

मग एक दिवस त्याचे तळहात स्वच्छ दिसले. तो आंघोळीला गेल्यावर मी खुर्चीवर बोट फिरवलं. रंग खडखडीत वाळला होता. लगेच मकबूलभाईंना फोन लावला. जिंकल्याचा आनंद, दुसरं काय.

"वाळली बरं का तुमची खुर्ची."

"पंजे गेले?"

"पंजे आहेत की. पण आता दिसत नाहीत. हा बसला की याचे हात त्यांच्यावर अगदी नेमके..."

मी फोन ठेवला.

आत गेले. दिगंबर आंघोळ करून पुन्हा बसला होता. पाठ ताठ, हात खुर्चीच्या हातांवर. त्याची अंगठी टेबलावर होती.

"ही का काढलीस?"

"गळून पडते."

"ऊठ, दिगंबर. बाहेर चल. आत्ता."

त्याने मान वर केली. इतक्या वर्षांत तो माझ्याशी असा अदबीने कधी बोलला नव्हता.

"आपण बसा ना. काय काम होतं आपलं?"

मी त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं नाही. मला पाहायचंच नव्हतं. बाहेरच्या खोलीत आले, दाराशी गेले. माझा माणूस केवढा आहे ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

माझा थापा जागच्या जागी होता. फिका, वर्षानुवर्षांचा.

शेजारचा अरुंद होता, लांब बोटांचा. करंगळीची जागा कोरी.

मी बोट लावलं. हळद ओली होती.