मास्तरांची रेघ

आमच्या घरात संगणक चार आणि प्रिंटर एकच. तो बिनतारी असल्यामुळे जिन्याखालच्या कोनाड्यात बसून सगळ्यांची कामं करायचा. कुणी किती कागद उडवले ते कळावं म्हणून मुलाने प्रत्येक संगणकाला नाव दिलं होतं. त्याचा स्वतःचा ‘कारकून’, सुनेचा ‘सरकार’, नातीचा ‘ठकी’, कारण तिलाच आम्ही ठकी म्हणत असू. चौथा ‘मास्तर’, तो माझ्या नवऱ्याचा. छापलेल्या कागदाच्या कोपऱ्यात ज्याचं त्याचं नाव बारीक अक्षरांत यायचं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कापड बेतणारे. आयुष्यभर त्यांनी बेतलं आणि मी शिवलं. उतारवयात हात थरथरायला लागला, तेव्हा मुलाने त्यांना पडद्यावर रेघा काढायला शिकवलं. खडू खिशात ठेवूनच ते संगणकापुढे बसायचे. एका झग्याचा नमुना लहान लहान कागदांवर तुकड्यांनी छापून यायचा आणि मी जेवणाच्या टेबलावर तो चिकटवून अख्खा करायचे. सून म्हणायची, “आई, जेवू कुठे आम्ही? झग्यावर?”

त्यांच्या दोन सवयी होत्या. लहान मुलाचा कपडा ते वाढीची दुमड सोडल्याशिवाय बेतत नसत. खाली चार बोटं कापड आत दुमडलेलं. मूल उंचावलं की उसवून सोडायचं. “पोर वाढणारच, कापडाला आधी सांगून ठेवलेलं बरं,” असं म्हणायचे. दुसरी सवय म्हणजे त्यांच्या रेघेला कुणी हरकत घेतली, तर ते वाद घालत नसत. त्याच रेघेवरून निमूट पुन्हा एकदा खडू फिरवत, आणि समोरचा गप्प होई.

मास्तर गेले. त्यांचा संगणक मुलाने खोलून सुटा केला आणि भंगारवाल्याला दिला. हातगाडी वळेपर्यंत मी दारात उभी होते.

दोनेक वर्षांनी ठकी धावता धावता मटकन खाली बसली. छातीतल्या झडपेत दोष निघाला. ऑपरेशन करावं लागणार होतं, पण अंगात थोडी ताकद आल्यावर. सून नोकरी सोडून घरी बसली. मुलगा फोन वाजला की बसल्या जागेवरून उभा राहायचा. घरात कुणी मोठ्याने भांडेना, ते मला जास्त जड गेलं.

अशाच एका दुपारी प्रिंटर सुरू झाला. तिन्ही संगणक बंद होते, मी फिरून पाहिलं. कागद एकावर एक पडत राहिले. कोपऱ्यात ‘मास्तर’.

मी ते चिकटवले. पुढून उघडणारा सैल झगा होता, डॉक्टरला तपासायला सोपा असा. खाली चार बोटं दुमड.

मुलगा म्हणाला, जुनं काम प्रिंटरच्या पोटात अडकून राहिलं असेल. त्याने यादीतून ते नाव पुसलं, पासवर्ड बदलला. तारांची कामं करणाऱ्या माणसाला बोलावलं, तर तो सगळं तपासून मला म्हणाला, “आजी, यंत्रं म्हातारी झाली की जुनंच बडबडतात.” मी म्हटलं, माणसंही.

पण तो गेल्यावर मी टेप काढली आणि ठकीचं माप घेतलं. मास्तर गेले तेव्हा ती माझ्या कमरेला लागायची. कागदावर होतं ते माप आजचं होतं. आजारात उतरलेल्या दंडासकट.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. चार बोटं होती ना. मी झगा शिवला. ठकी आत हरवून गेली आणि म्हणाली, “आजी, यात अजून एक ठकी मावेल.”

“तेवढी व्हायचंय तुला,” मी म्हटलं.

काही आठवड्यांनी दुसरा नमुना आला. माप पुन्हा तंतोतंत. दुमड मात्र दोनच बोटं. कागद पुरला नसेल, असं मी स्वतःला समजावलं, आणि ते शब्द मनात येताच मला पिवळा फ्रॉक आठवला.

मुलाच्या आधी आम्हाला एक मुलगी होती. तिच्या पिवळ्या फ्रॉकला मास्तरांनी दुमड ठेवली नव्हती. मी विचारलं, तर म्हणाले, कापड पुरलं नाही. तेव्हा ती धडधाकट होती, आमच्या शिलाईच्या दुकानाच्या पायऱ्यांवरून उड्या मारत होती. तो फ्रॉक एकदा धुण्यात पडायच्या आत ती तापाने गेली. पुढे कधीतरी त्यांचं कपाट आवरताना तळाशी पिवळा तुकडा सापडला. चांगला हातभर होता. मी तो होता तसा घडी करून ठेवला. मास्तरांना कधी विचारलं नाही, आणि माझ्या न विचारण्याबद्दल तेही कधी बोलले नाहीत.

इकडे ठकीचं वजन भरलं. डॉक्टर खूश होते, ऑपरेशनची तारीख ठरली. सून किती दिवसांनी हसली. “आई, दवाखान्यात न्यायला एक नवा झगा शिवा ना,” ती म्हणाली. “तुमच्या हातचाच हवा म्हणतेय.”

मी हो म्हटलं. सुईत दोरा ओवत असतानाच कोनाड्यात प्रिंटरचा दिवा लागला.

या वेळी मी आधी खालचा कागद शोधला.

खांदा बरोबर होता. छाती बरोबर होती. उंची ठकीची, केसभरही इकडेतिकडे नाही.

दुमड नव्हती.

आतल्या खोलीत मायलेकी बॅग भरत होत्या. ठकी काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या.

मी टेबलावर कागद पसरले. पट्टी ठेवली. त्यांच्या रेघेखाली चार बोटं सोडून पेन्सिलने माझी रेघ ओढली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या बेतण्यात हात घातला.

“पोर वाढणारच,” मी म्हटलं. कोनाड्याकडे बघून म्हटलं.

मी पट्टी उचलून बाजूला ठेवली.

मग प्रिंटरने एक कागद आत ओढला. एकच.

तोच खालचा तुकडा होता. हाताला कोमट लागला. त्यांची रेघ होती तिथेच होती. फक्त तिच्यावरून पुन्हा एकदा रेघ फिरवलेली होती.