खाऱ्या पाण्याची शिकवणी

लिफ्ट अडकली ती नेमकी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. आत ती एकटीच होती. हातात पाण्यानं फुगलेली प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, लांबलचक मिशांचा एक झिंगा.

"आहे का कुणी?" तिनं दारावर थापा मारल्या.

"आहे, आहे! घाबरू नका," वरून आवाज आला. "मीच बंद केलीय लिफ्ट. तेलपाणी करत होतो."

"मी आत असताना?"

"खाली पाटी लावली होती हो..."

"खाली कसलीही पाटी नाही!"

 मग चौथ्या मजल्याचं दार खरखरत सरकलं आणि तिच्या डोक्याच्या वर वीतभर फट उघडली. फटीतून एक चेहरा डोकावला. तो गडी जमिनीवर पालथा पडला होता, गालावर ग्रीसचा काळा पट्टा, आणि डोळ्यांत असा अपराधी भाव की तिला हसूच आलं. पण तिनं ते मोठ्या कष्टानं दाबलं.

"ब्रेक लागलाय. सोडवायला थोडा वेळ लागेल," तो म्हणाला. "तोवर घाबरल्यासारखं वाटत असेल तर माझा हात धरून ठेवा."

"हात राहू दे. आधी ही पिशवी धरा."

"काय आहे यात?"

"झिंगा."

"जेवणाचा?"

तिनं त्याच्याकडे असं काही बघितलं की बिचाऱ्यानं पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"पाचवा मजला, जिन्यासमोरचं दार. बाबांना द्या. म्हणावं पाणी गार पडत चाललंय, लगेच घ्या. आणि पळा!"

तो पळाला. पण गेला तो गेलाच. ती वाट बघून कंटाळली, लिफ्टच्या आरशात केस नीट करून झाले, मग उगाचच पुन्हा विस्कटून झाले... तरी याचा पत्ता नाही.

वर काय झालं होतं ते तिला नंतर कळलं. बाबांनी दार उघडलं, पिशवी बघितली आणि पाहुण्याला तसाच ओढत माशांच्या टाकीपाशी नेऊन उभं केलं. "ही नळी धरा. अशी, वर. माझा खांदा आखडलाय, हात वर जात नाही. टाकीतलं पाणी थेंब थेंब त्या पिशवीत पडू द्या. एकदम सोडलं तर त्याला सोसणार नाही."

"पण काका, तुमची मुलगी लिफ्टमध्ये..."

"ती दम धरेल. झिंगा नाही धरणार."

अखेर लिफ्ट हलली, दार उघडलं, तेव्हा ती चांगले चार शब्द सुनावायच्या तयारीत होती. पण समोर तो उभा... बाह्या भिजलेल्या, चेहऱ्यावर कुठून तरी लांबून आल्यासारखी भूल. माफी मागायचं सोडून त्यानं विचारलं, "ती केशरी फुलं आहेत ना तुमच्याकडे, पाण्यातली... बोट जवळ नेलं की ती मिटतात कशी हो?"

आणि तिच्या तोंडातले चार शब्द तोंडातच राहिले.

टाकी बाबांची होती. आयुष्यभर छापखान्यात शाईत हात काळे केलेल्या या माणसानं, आई गेल्यावर, तिचं शिलाई मशीन ठेवायची ती खिडकीजवळची जागा बरीच वर्षं रिकामीच ठेवली. मग एक दिवस तिथं काचेची टाकी आणली आणि तिच्यात एक छोटा समुद्र उभा केला. जांभळट दगड, त्यांवर बोटांसारखी हलणारी मऊ प्रवाळं, फुलांसारखी उघडमीट करणारी केशरी प्रवाळं, एक मोठं समुद्रफूल आणि त्याच्या कुशीत लोळणारी क्लाउनफिश माशांची जोडी. पण पायरीवरून पडल्यापासून बाबांचा उजवा खांदा कामातून गेला होता. तेव्हापासून मीठ कालवणं, पाणी बदलणं, काचेवरचं शेवाळ खरवडणं, सगळं तिच्या अंगावर. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, आणि संध्याकाळी घरी येऊन कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात.

पुढच्या आठवड्यात दाराची बेल वाजली. दारात लिफ्टवाला. अंघोळ केलेला, इस्त्रीचा शर्ट.

"लिफ्ट बरोबर चाललीय ना, बघायला आलो होतो."

"लिफ्ट बाहेर असते," ती म्हणाली.

"हो... ती बघितली. म्हटलं, झिंगाही बघून जावा."

"ठकू, आत घे त्यांना!" बाबा आतून ओरडले. "आणि बादल्या काढ. दोन धडधाकट हात आलेत घरात!"

झालं. दर रविवारी दोन धडधाकट हात घरात येऊ लागले. त्याला स्वतःची टाकी लावायची होती. त्याच्या लिफ्टच्या कारखान्यामागच्या तळमजल्याच्या खोलीत तो एकटाच राहायचा. कुणाची तरी जुनी टाकी त्यानं घासूनपुसून आणली, खाली भक्कम लोखंडी घोडा स्वतः जोडून केला. बाबांनी आपल्या टाकीतला एक दगड काढून दिला, "यावर जिवाणू आहेत, ते पाणी साफ ठेवतात, यांनीच टाकी धरते" असं बजावून. पाणी भरलं, मीठ विरघळलं, दिवा लागला, आणि मग बाबांनी सांगितलं, आता बसा.

"बसा म्हणजे?"

"म्हणजे बसा. टाकी मुरू दे. मासा आणायचा नाही."

महिना होत आला तेव्हा तो उतरल्या तोंडानं आला. "काका, सगळीकडे तपकिरी घाण आलीय."

"वा वा!" बाबा खूश. "येऊ दे. टाकी मुरायला लागली. हात लावू नका."

"मी रोज दिव्याखाली बसून नुसती घाण बघत असतो," तो तिच्याकडे वळून पुटपुटला. "आमच्या कारखान्यातले मला वेडा म्हणायला लागलेत."

"त्यांना आत्ता कळलं?" ती म्हणाली.

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा आधी बारीक व्हायचा. तिचं कामच डोळे बघायचं. तिच्या ते लक्षात आलं यात विशेष काही नव्हतं... असं तिनं स्वतःला सांगितलं.

पाण्याचा खारटपणा मोजायचं एक यंत्र असतं, छोट्या दुर्बिणीसारखं. पाण्याचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून आतली रेघ वाचायची. त्याला ती रेघ कधी नीट दिसायचीच नाही. दर वेळी काहीतरी अंदाजपंचे आकडा सांगून मोकळा.

"उद्या दुकानात या," तिनं फर्मावलं. "तुमचे डोळे तपासते."

तो आला. तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत, उंच खुर्चीत, परीक्षेला बसल्यासारखा ताठ. तिनं हातातला छोटा दिवा पेटवला आणि जवळ वाकली.

"माझ्या कानाकडे बघा."

"कानाकडे?"

"डोळा स्थिर राहायला. सगळ्यांना हेच सांगतो आम्ही."

तो बघू लागला. ती त्याच्या डोळ्यात बघत होती, तो तिच्या कानाकडे. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. 

"मॅडम..."

"बोलू नका. डोळा हलतो."

"डोळा नाही हलत," तो हळूच म्हणाला. "दुसरंच काहीतरी हलतंय."

तिनं दिवा विझवला. तपासणी अजून बाकी होती, पण लक्ष ठिकाणावर नसताना कुणाचा नंबर काढू नये, एवढं तिला शिकवलेलं होतं.

त्याच सुमारास तिनं लपवलेली एक गोष्ट बाहेर आली. दुसऱ्या शहरात लहान मुलांच्या डोळ्यांचं एक मोठं रुग्णालय होतं. तिरळेपणा असलेल्या, एका डोळ्यानं धड न दिसणाऱ्या मुलांना बघायला शिकवायचं, याचं तिथं दोन वर्षांचं प्रशिक्षण. तिची निवड झाली होती आणि तिनं परस्पर नकार देऊन टाकला होता. बाबांना एकटं कोण बघणार, टाकी कोण बघणार? दुकानातल्या कुणाकडून तरी बाबांना ते कळलं आणि पुढच्या रविवारी त्यांनी बादल्यांच्या मध्येच तो विषय काढला.

"माझ्या खांद्याची ढाल करून बसलीय ही!" ते चिडून म्हणाले.

लिफ्टवाला नळी धरून उभा होता. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग पाण्याकडे.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "टाकी मी बघतो. काकांकडेही रोज येईन."

एवढंच. ना आवाज चढला, ना उतरला. जसं काही लिफ्टचं दार उघडून बाजूला झाला.

 "तुम्हाला कुणी विचारलं?" ती म्हणाली. "मी जायचं की राहायचं, ते तुम्ही ठरवणार? बरीच घाई झालेली दिसतेय!"

"घाई? मला?"

"मग काय! जा म्हणे... इतक्या सहज!"

ती आत निघून गेली. दार जरा जोरातच लागलं. बाहेर बाबा त्याला काहीतरी म्हणाले, आणि थोड्या वेळानं त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावरून उतरत गेला. तिनं दुसऱ्या दिवशी रुग्णालयाला फोन केला. जागा अजून रिकामी होती. येते, असं ती म्हणाली, रागातच म्हणाली. पुढचे दोन रविवार तो फिरकला नाही; बाबांना मधल्या वारी, ती दुकानात असताना, भेटून गेला.

मग तिच्या निघण्याच्या आधीच्या रविवारी, सकाळी चहा ठेवायला ती उठली तर पायाखाली ओलं. टाकीच्या खालच्या कोपऱ्यात काचेचा सांधा सुटत होता. पाण्याची बारीक धार भिंतीवरून खाली ओघळत होती. बाबा स्टुलावर बसले होते, डावा तळवा काचेला लावून. कितीही दाबलं तरी पाणी थोडंच थांबणार होतं!

"ठकू," ते म्हणाले, "सगळं जाईल गं."

तिनं फोन उचलला. भांडण, मान, अपमान, सगळं त्या ओल्या फरशीवर वाहून गेलं. "टाकी फुटतेय," एवढंच ती म्हणाली.

तो टेम्पो, पिंपं, बादल्या सगळं घेऊनच आला. कसा आलास, का आलास, असलं काही कुणी बोललं नाही. त्यानं पाणी उपसून पिंपांत घेतलं. तिनं प्रवाळं दगडांसकट एकेक करून उचलली, बादल्यांत ठेवली. बाबा स्टुलावरून सूचना देत होते, नंतर त्यांचा आवाज बसला तेव्हा नुसती मान हलवत होते. झिंगा सापडेना. तिला तो एका दगडाच्या बिळात सापडला, आणि ती इतक्या जोरात "आहे, आहे!" ओरडली की तिघंही हसले. क्लाउनफिश शेवटपर्यंत समुद्रफुलाला सोडायला तयार नव्हते. मग त्यानं ते फूल बसलं होतं तो दगडच अलगद उचलला आणि जोडी त्याला बिलगूनच निमूटपणे बादलीत उतरली.

संध्याकाळी त्याच्या खोलीतल्या टाकीत सगळे जीव नव्या घरी लागले. पाणी अजून गढूळ होतं, पण प्रवाळांची बोटं एकेक करून उघडायला लागली होती. बाबा त्याच्या एकुलत्या एक खुर्चीत बसल्या बसल्या झोपी गेले. ती दोघं जमिनीवर, भिंतीला टेकून. कपडे ओले, हात मिठानं चरचरणारे.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. "तुमच्या टाकीत काहीच नव्हतं," ती म्हणाली. "नुसते दगड आणि चार गोगलगायी. ती केव्हाच मुरली होती. एवढे दिवस एकही मासा का नाही आणलात?"

त्यानं काचेवरचा थेंब बोटानं पुसला.

"सांगा ना."

"टाकी भरली असती..." तो पाण्याकडे बघत म्हणाला, "तर शिकवणी संपली असती. मग रविवारी कुठल्या तोंडानं आलो असतो?"

तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "आणि मला मात्र जा म्हणालात."

"हो."

"का?"

"तुम्ही दुकानात येणाऱ्या लहान मुलांच्या डोळ्यांबद्दल बोलायला लागता ना, तेव्हा बादली भरून वाहायला लागते तरी तुम्हाला कळत नाही." तो अडखळला. "मी राहा म्हटलं असतं... तर राहिला असता?"

तिनं विचार केला. खरं उत्तर द्यायचं होतं. "राहिले असते बहुतेक."

"त्याचीच भीती वाटली. माझ्यामुळे राहिलात, आणि पुढे कधी तरी माझ्याकडे बघून तुम्हाला ते सगळं आठवलं, तर... तेवढं मला सोसलं नसतं. म्हणून म्हटलं, जा. म्हणताना इकडे काय झालं ते..." त्यानं छातीवर हात ठेवला आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

तिनं तो हात तिथून उचलून आपल्या हातात घेतला. मिठानं भेगाळलेला, गार, खरखरीत हात. तिनं तो गालाला लावला. "वेडा आहेस तू," ती म्हणाली. "कारखान्यातले बरोबर म्हणतात."

"म्हणजे?"

"म्हणजे मी जाणार आहे. आणि मला तू आवडतोस. दोन्ही खरं आहे. जमेल तुला?"

 तो तिच्याकडे बघून हसला, आणि हसताना त्याचे दोन्ही डोळे भरून आले.

ती गेली. बसच्या खिडकीशी बाबा आणि तो शेजारी शेजारी उभे होते, आणि बाबा त्याला कुठल्याशा पंपाबद्दल इतकं रंगून सांगत होते की हात हलवायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. तो मात्र बस वळेपर्यंत हलवत होता.

पहिली सुट्टी मिळाली तशी ती परत आली. बाबा घरी नव्हतेच. शेजारच्या काकूंनी सांगितलं, ते हल्ली दिवसभर तिकडेच असतात. ती तशीच, बॅग खांद्यावर, त्याच्या खोलीपाशी गेली. दार उघडं होतं. टाकीचं पाणी काचेसारखं नितळ. बाबा खुर्चीत बसून हुकूम सोडत होते, आणि तो नाकावर चष्मा चढवून, खारटपणाचं यंत्र खिडकीकडे धरून, आकडा खडान्‌खडा वाचत होता. ती उंबऱ्यातच थांबली. कुणाला न सांगता जरा वेळ बघत राहावं, असं तिला वाटलं.

पण त्याला कसं कोण जाणे, कळलं. त्यानं यंत्र खाली घेतलं आणि वळला.

"आलीस?" तो म्हणाला.

"आले," ती म्हणाली.