चौथ्या माणसाची पावलं

या फिल्ममधून मावशीला एकच गोष्ट मिळायची होती. एक ओळ.

फिल्म संपल्यावर पडद्यावर नावं वर सरकतात ना, त्यातली एक. मावशीने उभा जन्म दुसऱ्यांच्या फिल्मना आवाज दिले होते, आणि तिचं नाव कुठेच नव्हतं. कारण सरळ आहे. निसर्गाच्या फिल्मचा सगळा भाव खरेपणावर. डोंगर खरा, नदी खरी, गरुड खरा. मग त्या गरुडाचे पंख म्हणजे एका तळघरात एक बाई चामडी हातमोजे फडफडवते आहे, हे कोण कशाला लिहून सांगेल?

या वेळी मात्र दिग्दर्शकाने शब्द दिला होता. मावशी आमच्याकडेच राहते. नाव पूर्ण घालायचं की नुसतं आडनाव, यावर आमच्या घरी दोन संध्याकाळी वाद झाला होता.

दिग्दर्शकाचा फायदा त्याहून मोठा. सहकुटुंब बघायच्या लघुपटांचा मेळावा होता. हॉल भरून मुलं येणार, आणि शेवटचा मानाचा खेळ त्याच्या फिल्मचा. काचेपलीकडे बसून आवाज टिपणाऱ्या बटण्याला एवढंच हवं होतं की वेळेवर घरी जाता यावं.

त्या दिवशी तिघांचाही हिशोब चुकला.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना मध्यरात्र लागते. नाइलाज आहे, भर दुपार होती. बाहेर रस्त्यावर शाळा सुटल्याचा कल्ला चालला होता. आणि मावशी अशी बाई आहे की दारात भूत उभं राहिलं, तर ती त्याला आधी पायपुसण्यावर पाय पुसायला लावेल. तिला रचूनच सांगायचं असतं तर याहून सुबक गोष्ट रचली असती. ही घडलेली आहे, म्हणून अशी ओबडधोबड आहे.

फिल्म छोटीशीच. आई, बाबा आणि त्यांची लहान मुलगी पाठीवर पिशव्या टाकून जंगलातून चालत जातात, ओढा ओलांडतात, डोंगरातल्या तळ्याकाठी तंबू ठोकतात. बघून कुठल्याही पोराने घरी हट्ट धरावा, अशी. फक्त चित्रीकरणाच्या दिवशी वारा इतका होता की मूळ आवाजात घोंगावण्याखेरीज काही आलं नव्हतं. म्हणून पावलं मावशीने द्यायची होती.

तळघरात तिचा सगळा संसार मांडलेला असे. खडीचा ट्रे, वाळूचा ट्रे, सुक्या पानांचा ट्रे, पाण्याचा टब. भिंतीवरच्या फळीवर जुने बूट. समोर पडदा. पडद्यावरचा माणूस बघायचा आणि त्याच्या पावलाला पाऊल लावून जागच्या जागी चालायचं. एका वेळी एकच माणूस, ही तिची पद्धत. आधी बाबा, मग आई, मग मुलगी.

बाबांचे बूट घालून ती चालली. बटण्याने ते पुन्हा लावून ऐकलं आणि मान तिरकी केली.

"मावशी, दोनदा चाललात का?"

"मला काय चार पाय फुटलेत?"

त्याने आवाज मोठा केला.

बाबांची पावलं. करकर... करकर...

आणि त्यांच्या मागे...

आणखी कुणीतरी.

जरा उशिराने पडणारी पावलं. जड. पाठीवर ओझं असलेला माणूस चालतो तशी.

"प्रतिध्वनी असेल," बटण्या म्हणाला.

"बंद खोलीत, खडीचा प्रतिध्वनी. शाळेत कुठल्या बाकावर बसायचास रे?"

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मग मावशीने बूट काढले. स्टुलावर बसली, पाय वर घेतले. "लाव आता मशीन."

फिल्म सुरू झाली. तळघरात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. ट्रेमधला एक खडा हलला नाही. फिल्म संपली. बटण्याने टिपलेलं लावलं...

करकर... करकर...

बटण्याची पाचावर धारण बसली. तो खुर्चीतून उठला, मग उठून कुठे जायचं ते न सुचून परत बसला.

मावशीने ट्रेकडे बघत विचारलं, "कोण आहे? इथे काम चाललंय. आणि माझ्या फळीवरचे बूट घातले असतील तर जागेवर ठेवायचे."



भीती वाटली नाही का, असं मी तिला नंतर विचारलं. वाटली, म्हणाली. पण आपल्याच कामाच्या जागेत आपण घाबरायचं, हे तिला पटेना.

तिने फिल्म परत लावायला सांगितली. आवाज बंद. फक्त चित्र. आणि मग तिला ते दिसलं.

मुलगी सारखी मागे वळून बघत होती. प्रत्येक वळणावर. मागे वळायची, वर बघायची आणि हसायची.

मागे कुणीच नव्हतं.

मग ओढा आला. बाबा पुढे. आई आधीच पलीकडे. मधे मुलगी, एकेका दगडावर पाय ठेवत. आणि तिचा एक हात...

वर होता. बोटं मिटलेली.

कुणाचा तरी हात धरल्यासारखी.

"टोपीला बोलाव," मावशी म्हणाली.

टोपी म्हणजे दिग्दर्शक. घरातही हॅट घालून हिंडणारा माणूस, नाव दुसरं काय ठेवणार? तो आला, हसला, दमला असाल म्हणाला. मग त्याने हेडफोन लावले, आणि त्याचं हसू गेलं.

"कोण होतं त्यांच्याबरोबर?" मावशीने विचारलं.

बराच वेळ ताकास तूर लागू देईना. शेवटी म्हणाला, "वाटाड्या होता. तिथलाच. पुसला आम्ही त्याला."

"पुसला म्हणजे?"

"कॉम्प्युटरवर. एकेका चित्रातून काढला आणि त्या जागी मागची झाडं भरली."

"आणि हात राहिला."

"हात मुलीचा होता, मावशी. तो कसा पुसणार?"

"का पुसलंस?"

"साधं कुटुंब, कुणाच्या मदतीशिवाय डोंगरात जातं, अशी फिल्म आहे. आणि..." त्याने हॅट काढून हातात घेतली. "तो गेला. तळ्याचं चित्रीकरण आधीच झालं होतं, ओढा शेवटी होता. सगळ्यांना पलीकडे सोडलं, तर मुलीची पाण्याची बाटली अलीकडे राहिलेली. ती आणायला परत ओढ्यात उतरला. वरून लोंढा आला. मुलांच्या मेळाव्यात हे चालत नाही. नियमच आहे. मरण नाही, रक्त नाही, रडारड नाही."

"मग जिवंत होता तेवढा दाखवायचा. तोही पुसलास?"

त्याने हॅट परत डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, त्या दिवसापासून मला झोप नाही. मावशीने ते त्याच्या जमेला धरलं, पण सूट दिली नाही.

"आवाज साफ कर," तो बटण्याला म्हणाला.

बटण्याने ती जड पावलं कापली. गेली. ऐकून बघितलं, नुसते बाबा. आईची पावलं झाली, तीही स्वच्छ. टोपीचा जीव भांड्यात पडला.

राहिली मुलगी.

लहान बूट पायात मावत नाहीत, म्हणून मावशी ते हातात घालते आणि गुडघ्यांवर बसून हातांनी चालते. मुलगी पानांतून चालली. खडीवरून उड्या मारत गेली. ओढ्याशी आली. मावशीने टबात हात मारले. चुबुक, चुबुक. पलीकडे गेल्यावर परत खडी.

लावून ऐकलं. पानं आली. खडी आली. ओढा आला आणि...

काहीच नाही.

पाणी नाही. पलीकडची खडी नाही. पडद्यावर मुलगी तळ्याकडे धावत होती, तोंड उघडून हसत होती, आणि तिच्या पायांना आवाज नव्हता.

पुन्हा केलं. माईक बदलला. वायर बदलली. टोपीने दुसऱ्या कुठल्यातरी फिल्ममधल्या पोराची पावलं आणून चिकटवायला लावली. ती ओढ्यापर्यंत नीट वाजली. पुढे नाहीत.

मुलगी ओढ्यापर्यंत येत होती.

पलीकडे पोचत नव्हती.

"त्याला काढलंत तर ती कशी ओलांडेल?" मावशी म्हणाली.



तिने फळीवरचे सगळ्यात जड बूट काढले. वाळूची गोणी पाठीला बांधली. ट्रेमध्ये उभी राहिली आणि समोरच्या रिकाम्या भिंतीला म्हणाली, "हे बघ बाबा. मेलेल्या माणसाला कामाला लावण्याइतकी मी नीच नाही. आणि तू धाक घातलास म्हणून चालणारीही नाही. तू त्या वाटेवर होतास, म्हणून मी चालते. तू बस आता."

ती चालली. मागे राहून, मुलीसाठी वळणावळणावर थांबत, ओढ्यात आधी आपला पाय रोवत. पार तळ्यापर्यंत.

या वेळी मशीनवर एकाच माणसाची जड पावलं आली. मावशीची.

मग तिने लहान बूट हातात घातले. मुलगी ओढ्याशी आली...

चुबुक. चुबुक. आणि पलीकडे खडी.

बटण्याने डोळे पुसले. घाम होता, असं तो म्हणतो.

"हे नाही जाणार," टोपी म्हणाला. "तीन माणसं दिसतात आणि चार ऐकू येतात. लोक हसतील."

"हसू देत. सहकुटुंब फिल्म आहे ना?"

"दुसरीकडून करून घेईन मी."

"ने की. ओढा तिथेही हाच आहे."

"मग तुमचं नाव जाणार नाही, मावशी."

झालं. एवढं एकच तिच्या हातात येणार होतं, आणि ते त्याने नेमकं मुठीत धरलं. बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, सांगून झालं होतं. खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला सांगून झालं होतं. आम्ही सगळे हॉलवर जाणार होतो.

मावशी पाठीवरची गोणी सोडत म्हणाली, "नको घालूस. पण ती ओळ मोकळी सोडू नकोस. त्याचं नाव घाल तिथे."

"काय म्हणून घालू? तो दिसत नाही."

"ऐकू येतो ना? आवाज म्हणून घाल."

टोपीने पडद्याकडे बघितलं. चित्र ओढ्यावर थांबलेलं होतं. वर केलेला तो लहान हात.  मग म्हणाला, "घालतो."

मेळाव्याला हॉल गच्च भरला होता. हा भाग मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, मावशीच्या शेजारी बसून. फिल्म सुरू झाली. कुणी हसलं नाही. चौघांची पावलं जंगलातून चालली. मुलीने ओढा पार केला, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे मावशीच्या पावलांनी तळ्यापर्यंत जायला हवं होतं. तसंच टिपलं होतं.

जड पावलं थांबली...

वळली...

परत पाण्यात उतरली.

मावशीने माझं मनगट धरलं. "हे मी चालले नाही," ती म्हणाली.

आवाज आता पडद्यातून येत नव्हता. खुर्च्यांच्या मधल्या वाटेवरून येत होता. ओल्या बुटांचा. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने हळूच मान वळवली. मग त्याच्या मागच्या मुलीने. मग एकामागून एक सगळ्या मुलांनी, जवळून कुणी चालत गेलं की आपण वळवतो तशी.

मोठी माणसं पडदा बघत होती.

मावशी उठली आणि वाटेच्या मधोमध जाऊन उभी राहिली. दोन्ही हात खुर्च्यांवर टेकून.

पावलं तिच्यासमोर थांबली.

"बाटली राहू दे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "मिळते दुसरी. मागे फिर."

हालचाल नाही.

"मी हटणार नाही. तुला जायचं असेल तर माझ्यातून जावं लागेल, आणि मी काही पाणी नाही. जा, पोरगी तळ्यावर थांबलीये."

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मला ओल्या मातीचा वास आला, एवढं खरं.

मग पडद्यातून आवाज आला. तळ्याकाठच्या खडीवर जड पावलं... आणि कुणीतरी पाठीवरचं ओझं खाली ठेवल्याचा धप्प आवाज.

नावं वर सरकू लागली. त्याचंही गेलं. मावशी उभ्यानेच वाचत होती.

परत खुर्चीशी आली, तेव्हा मी वर बघितलं नसतं तर ती आली हे मला कळलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी ती खडीच्या ट्रेमध्ये चालली, आणि मशीनवर काही आलं नाही. बूट बदलले, चपला घातल्या, अनवाणी चालली. नाही. घरातही तेच. फरशीवर लाकडी टाचांचे बूट आपटत आली तरी आवाज नाही. स्वयंपाकघरात माझी आई दोनदा दचकली. डॉक्टरला दाखवायचं म्हटलं तर मावशी म्हणाली, "काय सांगू? पाय ठणठणीत आहेत, फक्त ऐकू येत नाहीत?"

काम तिने सोडलं नाही. पावलांसाठी हाताखाली एक मुलगी ठेवली. पाऊस, पंख, वारा हातांनी होतात, ते ती करते. पस्तावा होतो का, असं विचारलं की चिडते. "उद्या परत तो वाटेत आला तर परत उभी राहीन," म्हणते.

तर जमाखर्च असा. टाळ्या टोपीने घेतल्या, आणि आता त्याला झोप लागते. वाटाड्याला त्याची ओळ मिळाली. मुलगी पलीकडे पोचली. बटण्या संध्याकाळ व्हायच्या आत घरी पळतो, कुणी अडवत नाही. या सगळ्याची भरपाई एकट्या मावशीने आपली पावलं देऊन केली.

आणि ती पुरती वसूल झाली, असं मला वाटत नाही. परवा ती एका फिल्ममधल्या शेकोटीच्या आवाजासाठी कागद चुरगाळत होती. मी काचेपलीकडे बटण्याजवळ उभा होतो. चुरचुर नीट येईना, म्हणून त्याने आवाजाचं बटण थोडं वर सरकवलं. मग अजून थोडं. मग पार शेवटपर्यंत.

मावशीने ते बघितलं. आणि दुसरा कागद घेतला.